एका हाताने सोडायची गाडी

गेल्या महिन्यात मी इथे, व्हँकुव्हरजवळच्या सरेमध्येच, एक कॉन्डो, म्हणजे फ्लॅट, बघायला गेले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्याचा दगड किती भारी आहे हे एजंट सांगत होता. मी सगळे दिवे घालवले, पडदे ओढले, डोळे मिटले आणि आतल्या बेडरूममधून बाहेरच्या दारापर्यंत चालत आले. वाटेत एका स्टुलाला पाय लागला.

"आर यू ओके, मॅम?"

"मी ठीक आहे. तुमचं स्टूल चुकीच्या जागी आहे," मी त्याला इंग्रजीत सांगितलं.

ही सवय मला ज्यांनी लावली, त्या काकांच्या बेसमेंटमध्ये मी सात वर्षं भाड्याने राहिले. काका नात्याचे नव्हते. नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन सुटकेसा घेऊन मी जागा शोधत होते आणि महाराष्ट्र मंडळातल्या कुणीतरी त्यांचा नंबर दिला होता. बाकीचे घरमालक पगाराचा कागद मागायचे. काकांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं.

"बाई, मी आता दिवे घालवतो. तुम्ही बाहेर या."

"कशाला?"

"येता येतं का ते बघायला."

माणूस वेडा असावा असं वाटलं, पण त्या दिवसातली ती पाचवी जागा होती आणि माझे पाय दुखत होते. भिंत चाचपत मी बाहेर आले. बुटांच्या कपाटावर गुडघा आपटला.

"एकोणीस सेकंद. पास," काका म्हणाले. "पण कपाटाला लागलात."

"माझी चूक झाली."

"तुमची कशी? कपाटाची. उद्या हलवतो."

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आले, तेव्हा कपाट खरंच दुसऱ्या भिंतीला गेलं होतं आणि त्याचे कोपरे घासून गोल केलेले होते.

काका लिफ्ट मेकॅनिक होते. आधी मुंबईत आणि मग व्हँकुव्हरच्या उंच इमारतींमध्ये, अशी सगळी नोकरी त्यांनी लिफ्टच्या खड्ड्यात आणि लिफ्टच्या टपावर केली. कुठल्याही इमारतीत गेलं की लिफ्टमध्ये शिरून आधी भिंतीवरचं तपासणीचं सर्टिफिकेट वाचायचे. तोवर दार उघडं धरून ठेवायचे. आतली माणसं घड्याळं बघायची, घसे खाकरायची. काकांना फरक पडत नसे. "लिफ्ट वर जाते यात तिचं काही कौतुक नाही," ते सांगायचे. "वर कुणीही ओढतं. दोर तुटला तर ती जिथल्या तिथे थांबली पाहिजे, आणि आतल्याला बाहेर पडता आलं पाहिजे. मला पगार या दोन गोष्टींचा होता."

कुकरची शिट्टी त्यांना आवडत नसे, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह आवडत असे. कुणाकडे जेवायला गेलं की बायका भाजीची चव विचारायच्या आणि हे कुकरचं झाकण उजेडात धरून बघत असायचे. मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसायचा. एका वर्षी सजावटवाल्यांनी मखर नेमकं इमर्जन्सी एक्झिटच्या पुढ्यात उभं केलं. फुलं लावून झाली होती, दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या, गुरुजी सोवळं नेसून तयार होते. काका आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"मखर हलवा."

"काका, मुहूर्त टळेल!"

"अरे, विघ्नहर्ता म्हणता आणि त्यालाच विघ्न म्हणून दारात बसवता?"

मखर हललं. तेव्हापासून हॉलमध्ये काका दिसले की पोरं ओरडायची, "काका आले, दारं मोकळी करा रे!" काका मान हलवून दाद घ्यायचे. थट्टा चाललीय हे त्यांना कळत नसे, की कळूनही चालत असे, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

काकू वर्ध्याच्या. हॉस्पिटलच्या किचनमध्ये त्यांनी सत्तावीस वर्षं काम केलं. मोठा आवाज, मोठं हसू. मी राहायला गेल्यावर दोन वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी डाव्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या होत्या. तिथल्या कातडीखाली सतत काहीतरी थरथरत असे.

"हात ठेव," काकूंनी मला एकदा सांगितलं. मी ठेवला. "मांजर पाळलं आहे मी. घुरघुरून राहिलं की नाही?"

त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर जोर द्यायचा नाही, त्यात घट्ट बांगडीही घालायची नाही, असं त्यांना बजावलेलं होतं. काकू ते नेमाने पाळायच्या. मांजर गेलं तर मशीन लावायला जागा उरणार नव्हती.

तीस वर्षं कॅनडात राहून काकूंनी सरे, व्हँकुव्हर आणि विमानतळ एवढंच पाहिलं होतं. आजारपणात त्यांनी एकच हट्ट धरला. सकाळी उठून दार उघडल्यावर समोर तळं दिसलं पाहिजे आणि ते बघत आपण आपल्या हाताने चहा केला पाहिजे. हॉटेलात नाही, आपल्या ओट्यावर.

काकांनी त्यांच्याशी चर्चा केली नाही. तीन आठवड्यांनी ड्राइव्हवेमध्ये मोटरहोम येऊन उभं राहिलं. आत पलंग, शेगडी, वॉशरूम, सगळं असलेली जुनी बस. आमच्या पूर्ण खिडक्या झाकल्या गेल्या. शेजारच्या पंजाबी आजी, सगळ्यांच्या बीजी, कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "भाईसाब, बस का रूट कौनसा है?"

"अभी तय नहीं," काका गंभीरपणे म्हणाले.

आणि खरंच ठरेना. रस्ता ठरला होता, कॅमलूप्स गावाच्या पलीकडची तळी ठरली होती. तिथल्या हॉस्पिटलात पाहुण्या पेशंटसाठी डायलिसिसची खुर्ची मिळते, तीही आधी सांगून ठेवली तरच, हे काकूंनी फोन करून विचारून घेतलं होतं. अडलं होतं ते मागच्या गाडीवर.

असलं घर एकदा तळ्याकाठी लावलं, त्याला नळ आणि वीज जोडली, की रोज हलवता येत नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तर ते शिरणारच नाही. म्हणून लोक मोटरहोमच्या मागे एक छोटी गाडी ओढत नेतात. ती ओढायच्या तीन रीती आहेत. गाडीची चारही चाकं रस्त्यावर ठेवून पुढून दांडा जोडायचा. किंवा पुढची दोन चाकं डॉली नावाच्या छोट्या गाड्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची. नाहीतर अख्खी गाडी ट्रेलरवर चढवायची. पहिल्या रीतीत गोम अशी, की बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरना तेल मिळत नाही आणि ते जळतात. काकांची मोठी गाडी तसलीच होती. गॅरेजमध्ये काकूंची जुनी, लाल, हाताने गिअर टाकायची गाडी होती.

"माझी गाडी घ्या ना," काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "चार चाकांवर येईल मागे मागे, वासरासारखी."

"बघू," काका म्हणाले.

हे बघणं सव्वा वर्ष चाललं.

मी ट्रक कंपनीत डिस्पॅचर आहे. कुठला ट्रक, कुठला ट्रेलर, कुठला ड्रायव्हर, हे मी दिवसातून साठ वेळा ठरवते. त्याआधी चार वर्षं स्वतः ट्रक चालवलेत. त्यामुळे काकांचं हे संशोधन बघून माझा जीव खालीवर व्हायचा. त्यांनी एक डॉली भाड्याने आणली, महिनाभर वापरली, परत केली. मग ट्रेलर आणला. मग तीन जातींचे दांडे, एकामागून एक. दर रविवारी आमच्या कंपनीच्या रिकाम्या यार्डात मोटरहोम नेऊन गाडी जोडायची आणि सोडायची. पुन्हा जोडायची, पुन्हा सोडायची. एका वहीत नोंदी. वहीत तीन रकाने होते. पहिल्याच्या डोक्यावर 'जोडणे', दुसऱ्याच्या 'थांबणे'. तिसऱ्याच्या डोक्यावर फक्त एक टिंब होतं.

आणि हे सगळं ते एका हाताने करायचे. डावा हात काकूंच्या जुन्या ओढणीने कंबरेला बांधलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं खांदा आखडला असेल.

"काका, फिजिओकडे जा."

"खांदा उत्तम आहे."

"मग हे काय?"

"चाचणी."

यार्डातले आमचे ड्रायव्हर कॉफीचे कप घेऊन बघत उभे राहायचे. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "दीदी, अंकल जी ने कोई मन्नत मानी है क्या?" मी म्हटलं, मानली असेल बाबा. काकांच्या बाबतीत मी कारणं विचारणं सोडून दिलं होतं. ती माझी चूक.

त्या हिवाळ्यात काकू झपाट्याने खंगल्या. डायलिसिसहून आल्या की जिना चढताना मध्ये बसायच्या. एकदा मी त्यांना गाडीतून उतरवलं, वर नेलं, आणि खिडकीतून पाहिलं तर काका त्या नोव्हेंबरच्या भुरभुर पावसात ड्राइव्हवेवर गुडघे टेकून डॉलीचा पट्टा एका हाताने आवळत होते. डॉली पुन्हा भाड्याने आणली होती! परत केलेली, वहीत नापास केलेली डॉली.

मी खाली गेले आणि जे मनात होतं ते बोलले. माझी बोलण्याची पद्धत गोड नाही.

"काका, हे पुरे झालं. दांडा घ्या, डॉली घ्या, काय वाट्टेल ते घ्या. तिन्हीवर लोक गाड्या नेतात, कुणी मरत नाही. तुमचं संशोधन पुरं होईपर्यंत काकू राहायला हव्यात ना?"

त्यांनी पट्टा सोडला. मग उठून उभे राहिले, कमरेची ओढणी सोडली आणि माझ्यापुढे धरली.

"डावा हात बांधा."

"मी?"

"तुम्ही ट्रकवाल्या. गाडी डॉलीवर आहे. ती खाली उतरवा."

रागात होते म्हणून बांधला. म्हटलं, दोन मिनिटांत दाखवते. पट्टा आवळायची खटक्याची चरखी असते. ती सोडायला एका हाताने खटका ओढून धरावा लागतो आणि दुसऱ्या हाताने दांडी पूर्ण उघडावी लागते. माझ्याकडे दुसरा हात नव्हता. मी खटका अंगठ्याने ओढला, दांडी गुडघ्याने ढकलली. निसटली. दातांनी पट्टा धरला. पट्टा ओला होता, तोंडात चिखल गेला. एक बाजू कशीबशी सुटली, तेव्हा माझ्या बोटाची साल निघाली होती. दुसरी बाजू सुटली नाही. काका स्टॉपवॉच घेऊन उभे होते.

"अकरा मिनिटं. नापास."

"दुसरा हात असता तर..."

"तिला नाही."

मी वर पाहिलं. खिडकीत काकू बसल्या होत्या, डावा हात उशीवर ठेवून. त्यांनी मला उजवा हात हलवला.

मग काका बोलले, आणि एवढं सलग बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "तळ्याकाठी फोन लागत नाही. मी बहात्तर वर्षांचा आहे. माझी छाती दुखली, मी पडलो, मला झटका आला, तर तिने काय करायचं? ती बस तिला चालवता येत नाही. तिच्या मशीनचा दिवस चुकला, एक चुकला, दोन चुकले, तर तीही गेली. म्हणजे मला मरायलाही मोकळीक नाही. गाडी ओढायची कशी हा प्रश्नच नाही, बाई. ओढायला ते इंजिन बैल आहे. मी नसताना तिला मागची गाडी एकटीने, एका हाताने सोडवता आली पाहिजे. उतारावर, चिखलात, हातमोजे घालून. डॉली पुन्हा आणली, कारण एखाद्या वेळी मीच चुकलो असेन. डॉलीला चुकून नापास केलं असेल, तर परत तपासायला नको?"

तिसऱ्या रकान्यातल्या टिंबाचा अर्थ मला तेव्हा कळला. तिथे काकूंचं नाव लिहायचं त्यांना धाडस झालं नव्हतं.

मी वीस वर्षं ट्रकांमध्ये काढली आहेत. माणसं गाडी जोडताना बघते, ओढताना बघते. सोडायच्या वेळी आपण नसू, असा हिशेब धरून सव्वा वर्ष स्वतःचा हात बांधून घेणारा माणूस मी एकच पाहिला. तोंडातला चिखल थुंकून मी आत गेले.

फेब्रुवारीत निकाल लागला. डॉली नापास, ट्रेलर नापास. काकूंची लाल गाडी, चारही चाकांवर, पुढून दांडा.

"हेच मी पहिल्या दिवशी म्हणाले होते त," काकू म्हणाल्या.

"तू उत्तर सांगितलंस. मला पुरावा पाहिजे होता."

"अन् पुराव्यापायी माझं एक वरीस गेलं!"

पुरावा मात्र पक्का होता. दांड्याच्या पिना उतारावर आवळून बसतात आणि हाताने निघत नाहीत, म्हणून त्यांनी लांब खटक्याचा दांडा निवडला होता, आणि खटक्याला दोराची कडी बांधली होती. कडीत हात घालून पाय रोवून मागे झुकलं की पिन सुटे. दिवसभर मागे ओढली जाणारी गाडी बॅटरी उतरून मेलेली निघू नये म्हणून मोटरहोमपासून तिला चार्जिंगची वायर दिली होती. मोटरहोमचा ब्रेक दाबला की मागच्या गाडीचाही ब्रेक लागेल अशी जोडणी होती. मधला दांडाच तुटला तर एक बारीक तार खेचली जाऊन लाल गाडी आपली आपण थांबेल, अशीही. ती तार खरंच काम करते का हे त्यांनी मला मोटरहोम अगदी हळू चालवायला लावून आणि शेजारी चालता चालता मध्येच स्वतः तार उपटून पाहिलं. लाल गाडी जमिनीत रुतल्यासारखी थांबली. "दोर तुटला, लिफ्ट थांबली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा मी मंडळाच्या आरतीतही इतका प्रसन्न पाहिला नव्हता.

मग काकूंची शिकवणी. आधी छोट्या गाडीचा हँडब्रेक, मग चार्जिंगची वायर, मग दांड्याच्या जोडीला लावलेल्या आधाराच्या साखळ्या, मग पिना. हा क्रम चुकला तर उतारावर गाडी सुटून जाईल. काकू पाढ्यासारखं म्हणायच्या, "ब्रेक, वायर, साखळ्या, पिना." डायलिसिस नसलेल्या दिवशी, अंगात असेल तेवढीच ताकद वापरून, दोन वेळा, कधी तीन वेळा. काका शेजारी उभे, हात पाठीशी घट्ट धरलेले. एकदा काकूंचा पाय घसरला आणि मी धावले, तर काका माझ्यावर ओरडले, "हात लावू नका! तिथे तुम्ही असणार आहात का?"

"हा माणूस नवरा आहे की मास्तर?" काकू ढोपर झटकत म्हणाल्या. "लग्नात हात धरला, अन् म्हातारपणी सोड म्हणून राहिला."

आणि पुन्हा कडीत हात घातला.

जूनमध्ये ते निघाले. मी ड्राइव्हवेवर उभी राहून मागचे दिवे तपासले. लाल गाडी वासरासारखी मागे मागे गेली. बीजींनी दही-साखर दिली आणि टायरांवर पाणी ओतलं. बसला रूट मिळाला म्हणाल्या.

पहिल्या आठवड्यात काकूंनी हॉस्पिटलमधून फोन केला. तळं दिसतं, चहा केला, आलं वर्ध्याचं नाही पण चालतं. दुसऱ्या आठवड्यातला फोन सोमवारी दुपारी आला. मी ऑफिसात होते.

"ऐक," काकू म्हणाल्या. "घाबरू नको. ह्यांना हार्ट अटॅक आला. आता बरे आहेत, डॉक्टर पाहून राहिले. तू मोटरहोम आणायला येशील का? ते तिथेच रस्त्यावर आहे."

"तुम्ही कुठे आहात?"

"मी माझ्या खुर्चीत. मशीनवर. अजून दीड तास आहे."

मला काही उमजेना. त्यांनी सांगितलं ते असं. त्या सकाळी ते एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्याकडे निघाले होते. जंगलातला खडीचा रस्ता, उतार, फोन बंद. काकांनी अचानक गाडी बाजूला घेतली, हळूहळू थांबवली, ब्रेक लावला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि मग म्हणाले, "छातीत दुखतंय." आधी थांबले, मग दुखलं. काकू खाली उतरल्या. ब्रेक, वायर, साखळ्या. पिना उतारामुळे गच्च बसल्या होत्या. एक पिन सुटली. दुसरी दोनदा ओढून हलेना. तिसऱ्यांदा त्या पाय रोवून पूर्ण अंगाने मागे झुकल्या आणि ती सुटली. काकांना त्यांनी पायरीवरून उतरवलं, लाल गाडीत बसवलं, तोंडात ॲस्पिरिनची गोळी चघळायला दिली आणि चाळीस मिनिटं ती हाताच्या गिअरची गाडी घाटातून चालवत नेली. काकांना इमर्जन्सीत सोपवलं. मग घड्याळ पाहिलं. त्यांची स्वतःची वेळ सव्वाअकराची होती आणि अकरा वाजले होते. त्या लिफ्टने वर गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

"तुम्ही मशीनवर कशा जाऊन बसलात, काकू?"

"मग काय करू? त्यांच्यापाशी बसून दोघं मरू? त्यांनी सव्वा वर्ष काऊन घालवलं मग?" मग त्या म्हणाल्या, "अन् एक सांगते. छातीवर हात ठेवून हा माणूस पायरीवर बसून घड्याळ पाहून राहिला होता."

मी त्या आठवड्याच्या अखेरीला रजा टाकून बसने कॅमलूप्सला गेले. स्टँडवर काकू लाल गाडी घेऊन आल्या होत्या. मागच्या सीटवर काका होते, त्याच सकाळी हॉस्पिटलमधून सुटलेले. दाढी वाढलेली, चेहरा राखेच्या रंगाचा. घरी जाऊन पडा म्हणून सांगितलेलं असताना ते मोटरहोमपाशी येणारच म्हणून बसले होते. काकू चार दिवस मोटेलात राहून हॉस्पिटलच्या दोन मजल्यांवर, काकांच्या आणि आपल्या मशीनच्या, ये-जा करत होत्या. दोघांत जास्त धडधाकट कोण हे सांगणं कठीण होतं.

खडीच्या रस्त्यावर मोटरहोम तसंच उभं होतं. मी मागे जाऊन पाहिलं. नवऱ्याचा जीव जात असताना बाईने गाडी सोडली होती, म्हणजे सगळं फेकलेलं, लोंबकळत असेल असं मी धरून चालले होते. दांडा मिटवून उभा करून अडकवलेला होता. साखळ्या त्यांच्या आकड्यांना होत्या. वायर वेटोळं करून खोचलेली होती. दोन्ही पिना मागच्या बंपरवर, धूळ लागू नये म्हणून जुन्या साडीच्या पदराच्या तुकड्यावर, शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. आपण परत येणार आहोत, हे काकूंनी त्या घाईतही धरलेलं होतं.

काका गाडीच्या दाराला धरून उतरले. वही मागितली. तिसऱ्या रकान्यात, शेवटच्या ओळीत, त्यांनी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. 'खडी. उतार. एकटी. चार मिनिटं दहा सेकंद.' मग रकान्याच्या डोक्यावरचं टिंब खोडून त्यांनी तिथे काकूंचं नाव लिहिलं. पूर्ण, माहेरच्या नावासकट.

"पास?" काकूंनी विचारलं.

"पास," काका म्हणाले. "पण दुसऱ्या पिनेला तीन झटके लागले. तेल घालायला पाहिजे होतं. माझी चूक."

"तुमची कशी? पिनेची. बुटांच्या कपाटासारखी," मी म्हटलं. त्यांना ते आठवत होतं.

त्यानंतरही चार उन्हाळे ते दोघं फिरले, दर वेळी निघायच्या आधी यार्डात दोनदा उजळणी करून. आता दोघंही नाहीत. आपापल्या वेळी, आपापल्या बिछान्यात गेले, आधी काका आणि दीड वर्षाने काकू. लाल गाडी काकूंनी मला दिली. ती अजून चालते.

पण मला आठवते ती त्या खडीच्या रस्त्यावरची दुपार. मोटरहोम मी चालवणार होते. लाल गाडी पुन्हा मागे जोडायची होती, आणि त्या कामाला काका आणि काकू, दोघांनाही मी हात लावू देणार नव्हते. मी दांडा खाली घेतला, पिना उचलल्या. मागून काकांचा आवाज आला.

"बाई."

वळून पाहिलं. त्यांच्या हातात ओढणी होती.

"काका, काहीतरीच काय. मला दोन हात आहेत."

"आज आहेत," काका म्हणाले.

काकू हसायला लागल्या, तोंडावर उजवा हात ठेवून. मी पिना कापडावर परत ठेवल्या, डावा हात कंबरेपाशी धरला आणि काकांना गाठ मारू दिली. मग गुडघे टेकून सुरुवात केली. काकांनी स्टॉपवॉच दाबल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.